लोह, दूध आणि जयसिंगपूरची गाडी

अक्का, अख्खा पावसाळा मी तुला लोहाची गोळी दुधातून दिली.

दूध म्हशीचं, घट्ट, पेला काठोकाठ. आणि लोहाला एकटं वाटू नये म्हणून सोबत कॅल्शियमची गोळी. मला वाटायचं, दोघं हातात हात घालून आत जातील आणि तुझं रक्त नि हाडं एकाच फेरीत दुरुस्त करून येतील. प्रत्यक्षात दूध आणि कॅल्शियम दारात आडवी पडायची आणि लोह उंबऱ्यावरूनच परत फिरायचं. पुढं डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा तू शेजारच्याच खुर्चीवर होतीस. माझ्याकडं न बघता त्यांना म्हणालीस, "जावा-जावा असतील."

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. भेटायला येणारी माणसं सांगतात की तू धर्मानं राहिलीस, कुणाचं वाईट चिंतलं नाहीस, म्हणून बसल्या जागी गेलीस. मी मान हलवतो. सगळं खरंच आहे. पण आपले शेवटचे महिने धर्मात कमी आणि गोळ्यांत जास्त गेले, आणि त्याबद्दल बोलायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही. पद्मा बायको असून मी 'गोळी' म्हटलं की उठून स्वयंपाकघरात जाते.

सुरुवात तुझ्या चक्करेनं झाली. वैशाखात जैन बस्तीतून देवाचं दर्शन घेऊन उतरताना तू पायरीवर बसलीस ती उठलीच नाहीस. शांतक्काचा फोन आला. तुझ्या त्या शेजारणीला फोनवर हळू बोलता येत नाही. "भूपाल, तुझी अक्का पडलीया! हाड न्हाय मोडलं, पण तोंड बघ येऊन, चुन्यागत पांढरं झालंय!" मी गाडी करून आलो आणि तुला जयसिंगपूरहून उचलून कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझ्या घरी आणलं. तपासणीत रक्त सात निघालं. थायरॉईड बिघडलेलं, हाडं ठिसूळ, बी-बारा तळाला आणि ड जीवनसत्त्व त्याच्याही खाली. पोरबाळ नाही, दाजी गेल्यापासून त्या घरात तू एकटीच. स्वतःपुरतं काय शिजवत होतीस कुणास ठाऊक.

"किती झाल्यावर सोडशील?" तू पहिल्याच दिवशी विचारलंस.

"दहा."

"दहा म्हंजे दहा. मग एक दीस थांबणार न्हाय मी."

"शब्द दिला की."

"पद्मा, तू ऐकलंस न्हवं? उद्या ह्यो फिरंल."

माझी बायको म्हणाली, "ऐकलं, वन्सं. हे फिरणारच."

मी साखर कारखान्यात टाइम-ऑफिसला होतो, हे तुझं दुर्दैव. जन्मभर दुसऱ्यांच्या पाळ्या लावल्या, भोंगा वाजवला, उशिरा येणाऱ्याचा अर्धा दिवस कापला. निवृत्त झाल्यावर कापायला कुणी उरलं नव्हतं. पद्मानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलेलं की तिच्या स्वयंपाकघराला पाळी नाही. अशात तू आलीस, सात रक्त घेऊन. मला पुन्हा कामावर घेतल्यासारखं झालं. मोबाइलवर गोळीगणिक भोंगा लावला, कप्प्याकप्प्यांचा डबा आणला. तू तो उघडझाप करून बघितलास आणि विचारलंस, "ह्यात मी मावतो व्हय?"

लोहानं तुझ्या पोटात आग पडायला लागली. डॉक्टरांनी ते उपाशीपोटी सांगितलं होतं. पण आगीवर दूध हे आपल्या आईचं शास्त्र, आणि आईपुढं डॉक्टर कोण? म्हणून दूध. मग पोट दगड झालं. त्यावर मी मोबाइलवर वाचून, कुणाला न विचारता, मॅग्नेशियम आणलं. दगड फुटला, आणि असा फुटला की दिवसभर तू मोरीच्या वाटेवरच. मॅग्नेशियम बंद केलं, पुन्हा दगड. एका गोळीचा त्रास काढायला दुसरी, दुसरीचा काढायला तिसरी, आणि तिसरी सोडली की आपण पुन्हा पहिलीच्या दारात उभे. मधेच मला कुठूनसं वाटलं की तुला जस्त कमी पडतंय. तेही मी रिकाम्या पोटी दिलं. तू ओकून ओकून अर्धी झालीस आणि भिंतीला टेकून म्हणालीस, "आता तांबं-पितळ काय ऱ्हायलं असंल तर तेबी घाल. भांडी घासायला बरं."

एका सकाळी मोरीतून हाक आली, "भूपा, सगळं काळं झालं की रं!" मी तशीच रिक्षा थांबवली. दवाखान्यात धापा टाकत पोचलो. डॉक्टर म्हणाले, "काका, लोहानं काळंच होतं." रिक्षावाला दारातच थांबलेला, त्यानं ऐकलं. दुपारपर्यंत पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं की भूपाल कशासाठी रिक्षा करून गेलता.

त्यानंतर जो भेटेल तो सल्ला द्यायला लागला. बीट खायला घाला. तालमीतली पोरं बीट, दूधवाला बीट, समोरचा इस्त्रीवालाही बीट. जमिनीखालचं तू खात नाहीस हे त्यांना कुठं ठाऊक? मग पालेभाजी म्हटलं, तर चातुर्मास लागलेला, पालेभाजी सोडलेली. डॉक्टर वैतागले. "आजी, मग राहिलं काय?"

"मी ऱ्हायलो की," तू म्हणालीस.

आणि ती ड जीवनसत्त्वाची गोळी! मऊ, पारदर्शक, मोत्यासारखी. तू ती खिडकीपाशी उजेडात धरलीस. "ह्येचं साल कशाचं?" आणि मी, अतिशहाणा, शोधून वाचून दाखवलं की जनावराच्या हाडाकातड्याचं. तू ती गोळी अशी खाली ठेवलीस, जशी पायाखाली येऊ नये म्हणून मुंगी बाजूला करायचीस. मग मी टाचणी घेऊन बसलो. गोळीला भोक पाडायचं आणि आतलं तेल चमच्यातल्या तुपावर पिळायचं. निम्मं माझ्या बोटांना, थोडं चष्म्याच्या काचेवर. माझं स्वतःचं ड जीवनसत्त्व त्या काळात उत्तम झालं असणार.

"आणि आतलं त्याल कशाचं?"

"मेंढीच्या लोकरीपासनं काढतात."

"मेंढी मारत्यात?"

"केस कापतात फक्त."

तू तुपाचा चमचा निरखलास. "केस कापून कोण मरत न्हाय. दे."

ह्याचीच पावडर पुडीतून मिळते, हे मला सगळ्या टाचण्या वाकड्या झाल्यावर कळलं.

श्रावण सरला आणि पुन्हा रक्त तपासलं. सातच. इतकं गिळून, इतकं सोसून, जागचं हललं नव्हतं. तू तो आकडा ऐकलास आणि काही बोलली नाहीस. मला तेव्हाच समजायला हवं होतं. तू बोलत नाहीस तेव्हा काहीतरी ठरवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गोळ्यांचा भोंगा झाला आणि तू घरात नव्हतीस. तुझी पिशवीही नव्हती. मी डब्यातून गोळ्या काढल्या, पाण्याची बाटली घेतली, पायात सापडलं ते सरकवलं आणि रिक्षानं स्टँड गाठला. जयसिंगपूरच्या गाडीत खिडकीशी तू बसलेलीस, पिशवी मांडीवर, पदर डोक्यावर.

"अक्का, उतर."

"तिकीट काढलंय."

"गोळ्या राहिल्यात."

"दे हितंच, खातो."

"हितं दूध कुठंय?"

हे मी जरा मोठ्यानंच बोललो. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "अहो पावणं, म्हातारीला कशाला छळतायसा?"

"छळू दे," तू मागं न वळता म्हणालीस. "भाऊ हाय माझा."

तेवढ्यात कंडक्टर आला. "मामा, चढायचं असंल तर चढा, न्हाईतर उतरा. गाडी तुमच्या गोळीवर चालत न्हाय."

सगळी गाडी हसली. मी मधल्या वाटेत उभा, एका मुठीत गोळ्या, एका हातात बाटली. आणि तुझी नजर माझ्या पायांकडं गेली. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात पद्माची. मग पिशवी उचललीस. "सर बाबा," कंडक्टरला म्हणालीस, "ह्येला एकट्याला रस्ता वलांडायचा न्हाय." आणि उतरलीस.

रिक्षात बसल्यावर आपणहून हात पुढं केलास, गोळ्या घेतल्यास, बाटलीतल्या पाण्यानं गिळल्यास. "आजच्या दिवस दुधाबिगर," म्हणालीस. दोन्ही गोळ्या एकत्रच होत्या, तरी त्या पावसाळ्यात त्यातल्या त्यात हीच खेप तुझ्या अंगी लागली असणार.

मी घाबरलो होतो. तुला परत आणल्याचा आनंद वगैरे काही नव्हता. पुढच्या वेळी तू पिशवी घेऊन अशी निघशील की माझी रिक्षा पोचणार नाही, याची भीती. म्हणून दुसऱ्याच दिवशी तुला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, "लोह कशाबरोबर देता?" मी अभिमानानं सांगितलं, "दुधाबरोबर. सायीसकट." डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पुढचं सुरुवातीला लिहिलंच आहे.

चूक सुधारली तसा पिंजरा आणखी लहान झाला. आता सगळ्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं होतं. थायरॉईडची गोळी सगळ्यात आधी, उपाशीपोटी. पण देवदर्शनाआधी तू पाण्याचा थेंब घेत नसायचीस, म्हणजे ती गोळीही बस्तीतून परत आल्यावर. तिच्यानंतर चार तास लोहानं किंवा कॅल्शियमनं तिच्या आसपास फिरकायचं नाही. लोह लिंबूपाण्यातून, चहापासून लांब, जेवणापासून लांब. कॅल्शियम जेवणाबरोबर, पण लोहापासून लांब. ड तुपाबरोबर. आणि सूर्य बुडाला की तुझं तोंड बंद, पाणीसुद्धा नाही. दिवसाला दोन्ही बाजूंनी कुलूप, आणि मार्गशीर्ष जवळ येईल तसा दिवस आतून आखडत चाललेला. मी संध्याकाळी गच्चीवर उभा राहून सूर्याकडं बघायचो. कामगार वेळेआधी गेटबाहेर पडताना बघायचो ना, तसाच. चतुर्दशीला तू एकभुक्त राहिलीस की माझं सगळं वेळापत्रक कोसळायचं. लग्नाचं बोलावणं आलं तर मी आधी बघायचो, मुहूर्त लोहावर येतो की कॅल्शियमवर. कुठंच गेलो नाही आपण. तू माझ्या घरात अडकलेली, मी तुझ्या पोटात.

पण अक्का, दोन गोळ्यांच्या मधे जी रिकामी जागा राहायची, जिच्यात खायचं नाही, चहा प्यायचा नाही, कुठं जायचं नाही, त्या जागेत तू बोलायचीस. इतक्या वर्षांत आपण कधी असे समोरासमोर बसलो नव्हतो. एकदा तू सांगितलंस की शाळेत जाताना मी तुझा परकर सोडत नसे. मास्तरांनी थोडे दिवस मला वर्गात तुझ्या शेजारी बसू दिलं. मग मी पाटीवर शी केली. दुसऱ्या दिवसापासून तुला शाळेत पाठवलं नाही, पोराला सांभाळ म्हणून. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि तूच हसायला लागलीस. "तवापासनं सापडलोय बघ मी तुला."

मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला की. तुला चिमटा काढला. तू आनखी मोठ्यानं रडलास. मग काय करतोस?"

रक्त हळूहळू चढलं. आठ झालं, नऊ झालं. तुझ्या नखांना रंग आला, जिना चढताना थांबेनाशी झालीस. पद्माला म्हणालीस, लोणच्याची बरणी जयसिंगपूरच्या घरून घेऊन येईन. पद्मा म्हणाली, तुम्ही घेऊन येणार म्हणजे जाणार पण? तू म्हणालीस, दहा होऊ दे.

आणि दहा झालं. थोडं वरच.

मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. तू दारातच होतीस. "किती?"

"दहा झालं. पण ड जीवनसत्त्व अजून—"

"ते कवा आलं मधी?"

"तेही लागतंच, अक्का. हाडं—"

"तुझा कारखाना हाय व्हय? एक पाळी सरली की दुसरी?"

"तू डॉक्टरांना विचार."

"डाक्टरला कशाला? तुला इचारतो." तू पिशवी खाली ठेवलीस, भरूनच ठेवली होतीस. "भूपा, त्यापरास सरळ सांग की, ऱ्हा म्हणून."

एवढं तू माझ्या तोंडात घातलंस. घास भरवावा तसं. मला नुसतं गिळायचं होतं. आणि मी म्हणालो, "तसं काही नाही. ड कमी आहे."

तू माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालीस, "मग जातो उद्या." सूर्य बुडायला आला होता. तू पेलाभर पाणी प्यालीस, तोंड पुसलंस, भिंतीकडं वळून बसलीस. मीही पाठ वळवली. म्हटलं, उद्या बघू कोण कसं जातंय ते.

सकाळी तू आंघोळ करून, धुवट नेसून, तांदळाची डबी हातात घेऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसलेलीस. बस्तीत जायच्या तयारीत. मी थायरॉईडची गोळी काढून ठेवली. तू उठेनास. मी मनात म्हटलं, रुसलीय. रुसू दे. मी आपला चहा घेतला, पेपर उघडला, एकदा मुद्दाम खाकरलोसुद्धा. तुझ्यावर रुसून बसलो होतो मी, आणि तू तिथं नव्हतीसच. पद्मानं तुझ्या खांद्याला हात लावला आणि मला जोरात हाक मारली.

डॉक्टर आले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "कुठली गोळी चुकली?"

"कुठलीच नाही, काका. हृदय थांबलं."

"लिंबूपाण्यानं?"

"नाही."

"त्या मॅग्नेशियमचं काही राहिलं असेल?"

"काका, कशाचंच काही नाही. तुम्ही बसा."

मी बसलो तो अजून तिथंच बसलोय. माझी चूक निघाली असती तर बरं झालं असतं, अक्का. चुकांचं मला कळतं. चूक सापडली की तिच्यापासून पुढची गोळी दूर सरकवता येते. आता सरकवायला काही नाही. पद्मानं माझ्या मोबाइलवरचे सगळे भोंगे बंद केले. घर हंगाम संपलेल्या कारखान्यासारखं झालं. चहा कधीही पिता येतो. दुधातही काही टाकायचं नसतं. मी दारापर्यंत जातो आणि कुठं जायचं ते न कळून परत येतो.

आणि 'ऱ्हा' हे म्हणायला मला काय झालं होतं? एका अक्षराचा तो शब्द. तुला कळलेलंच होतं म्हणा, स्टँडवरच कळलं होतं, कदाचित पाटीच्या वेळीच. तरी तुला ऐकायचं होतं. मला आज वाटतं, मी तसं म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी नक्की गेली असतीस. आणि चार दिवसांनी लोणच्याची बरणी घेऊन परतही आली असतीस.

परवा तुझी पिशवी घेऊन जयसिंगपूरला गेलो. पद्मा बरोबर होती. चपला तिनं तपासून घेतल्या. किल्ली शांतक्काकडं होती. तिनं तुझं घर झाडून ठेवलेलं, अंगणात सडा, दारापुढं रांगोळीसुद्धा. कुणी यायचं असल्यासारखं. मी पिशवी तुझ्या खोलीत खुंटीला अडकवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. शांतक्का समोर गुडघा चोळत बसलेली. पद्मा डोळे पुसत होती.

मला ते सहन होईना. जीभ आपोआप चालू झाली. "शांतक्का, गुडघा दुखतोय काय? एकदा कॅल्शियम बघून घे. पण गोळी चालू केलीस तर जेवणाबरोबर घे, आणि रक्ताची चालू असंल तर ती लांब ठेव. कोल्हापूरला ये की दोन-चार दिवस. मी घेऊन जातो डॉक्टरकडं."

शांतक्कानं गुडघ्यावरचा हात थांबवला. पद्माकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"नगं रं बाबा. माझं दुखतंय तसं दुखू दे. माणूस एकदा तुझ्या हातात सापडलं की परत घरला येत न्हाय."